भीती त्याची, उडी माझी

३ मार्च, सकाळ

बाथरूममध्ये पडलो नाही. बसलो. जरा वेगात बसलो, एवढंच. डोक्यात क्षणभर गरगरलं आणि खाली बसावंसं वाटलं. माझ्याबरोबर बादली, प्लास्टिकचा मग आणि शॅम्पूची बाटलीही बसली, म्हणून आवाज झाला. ही दाराबाहेरून ओरडली, अहो, काय पडलं? मी म्हणालो, बादली. खोटं बोललो नाही. बादली पडलीच होती.

कोपर सुजलंय. काही दिवस फुल शर्ट.

ही डायरी कुणी वाचत नाही. तरीसुद्धा इथे ‘पडलो’ हा शब्द लिहायचा नाही.

४ मार्च

हिला कळलं. एवढ्या उकाड्यात फुल शर्ट कोण घालतं, म्हणाली. बाह्या वर करायला लावल्या. कोपर बघून काहीच बोलली नाही. ही बोलत नाही तेव्हा काहीतरी शिजत असतं.

६ मार्च

शिजलं. सकाळीच फिटर हजर. नळाशेजारी भिंतीला भोकं पाडून स्टीलची दांडी बसवली. मग दांडीला लोंबकळून दाखवलं आणि म्हणाला, म्हातारी माणसं एकदम निर्धास्त होतात बघा. मी मागे वळून पाहिलं, कोण म्हातारी माणसं आली म्हणून. मागे वॉशिंग मशीन होतं.

मग मात्र राहवलं नाही. त्याला ऐकवलं की बाबा रे, तू कुणाच्या घरात उभा आहेस ते तरी विचार. दहा मीटरवाला माणूस आहे मी. तर तो म्हणतो, दहा मीटर काय, पाइप?

डायव्हिंग म्हणजे काय हे आजकाल कुणालाच माहीत नाही. दहा मीटर म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खालच्या पाण्यात सूर मारणे. मी चॅम्पियन होतो. चॅम्पियन माणूस आंघोळ करताना दांडी धरत नसतो.

दांडी टॉवेल टाकायला मात्र बरी आहे. त्यासाठीच वापरणार.

८ मार्च, रविवार

मन खचलं की मी तो सिनेमा लावतो. नाव लिहायची गरज नाही, जगाला माहीत आहे. आपल्या सिनेमात म्हातारा म्हणजे खोकायला आणि हिरोइनचं लग्न लावायला. इथे साठ वर्षांचा म्हातारा हिरो! जुना डायव्हर. सगळे म्हणतात, संपला. पोटचा पोरगासुद्धा लाज काढतो. मध्ये सहा गाणी होतात. आणि शेवटी म्हातारा एकटा टॉवर चढतो. वर उभा राहतो. थिएटरमध्ये कुणी चकार शब्द काढत नसे. मग तो सूर! काय तो सूर! पाण्याला कळतसुद्धा नाही कुणी आत आलं ते.

दर वेळी रडतो, आजही रडलो. आणि रडता रडता साक्षात्कार झाला. तो साठाव्या वर्षी उडी मारू शकतो, तर मी का नाही? मी एकसष्टचा. एका वर्षाने काय बिघडतं?

हिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, अहो, तो म्हातारा म्हणजे तुम्हीच होतात की. सव्वीस वर्षांचे.

झालं. बायकांना प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवयच असते.

मान्य, उडी माझी आहे. हिरोला पोहता येत नव्हतं. शूटिंग आमच्याच टँकवर होतं, म्हणून मला घेतलं. डोक्याला पांढरा टोप आणि छातीवर पांढरे केस डिंकाने चिकटवले होते. पण याचा अर्थ काय होतो? याचा अर्थ, मला साठाव्या वर्षी उडी मारायचा अनुभव आधीपासूनच आहे. शिवाय आता छातीवर काही चिकटवायला नको. निम्मी तयारी झाल्यात जमा आहे.

९ मार्च

टँकच्या मॅनेजरला भेटलो. टँक वर्षभर दुरुस्तीसाठी बंद आहे. २९ तारखेला, रविवारी, पुन्हा उघडतोय. जुन्या मेंबरांचा मेळावा ठेवलाय. त्याला वाटलं मी फीत कापायला मिळेल का विचारायला आलोय. मी सिनेमाचा विषय काढला. कुठला सिनेमा, म्हणाला. तरुण आहे, सोडून दिलं.

मग उडीचा बेत सांगितला, तर त्याला कल्पना फारच आवडली. आधी सिनेमातला तो सीन दाखवायचा, लगेच प्रत्यक्ष मी. छोट्या बोर्डावरूनच ना, त्याने विचारलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, दहा मीटर.

बाकी शरीराचं माहीत नाही, पण तोंड अजून फॉर्मात आहे.

हात मिळवला. त्याचा हात कोरडा होता, माझा ओला. पाण्यातल्या माणसाचे हात असेच असतात.

११ मार्च

ट्रेनिंग सुरू. पहाटे उठणे (उद्यापासून). जोर तीस. आज चार मारले, उरलेले मनात मारले. आजकाल मानसिक तयारीला फार महत्त्व आहे.

हॉलमधला बल्ब गेला. ही म्हणाली, जरा स्टुलावर चढून बदलता का? मी म्हणालो, आता मुख्य दिवसाआधी उंचीवर उगाच चढ-उतार नको. ही स्वतःच चढली. गुडघे कुरकुरतात तिचे, तरी चढली. मी आतल्या खोलीत गेलो. मान आखडल्यामुळे मला वर बघवत नाही.

आमचा फ्लॅट तळमजल्यावर आहे, तोही हिच्या गुडघ्यांसाठीच घेतला. तसं मी मागे एकदा म्हणालो, तर ही म्हणाली होती, कुणाच्या? उत्तर दिलं नाही. प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

१३ मार्च

बागेत आमच्या टँकवरचा जुना दोस्त, डॉल्फिन, भेटला. एकेकाळी बटरफ्लाय मारायला लागला की पाणी दोन्ही काठांवर चढायचं. आता काठी घेऊन चालतो आणि डबकं दिसलं की वळसा घालतो. आम्ही जुने खेळाडू भेटलो की पूर्वी रेकॉर्डं निघायची, आता रिपोर्ट निघतात. डॉल्फिनने बाकीच्यांची खबर दिली. हर्डल्सवाला उंबरा ओलांडताना चौकट धरतो. वेटलिफ्टरला बरणीचं झाकण उघडत नाही, सुनेला हाक मारतो. गोलकीपरच्या हातून कप निसटतात, म्हणून घरच्यांनी त्याला स्टीलचा दिलाय. ऐकताना वाईट वाटलं. बिचारे. आमच्यातला मी एकटाच असा टिकून राहिलोय.

त्याला बेत सांगितला. वेड लागलंय का तुला, म्हणाला. मग म्हणाला, सरांचा नियम आठवतो ना?

सर म्हणजे आमचे कोच. गेले बिचारे. त्यांचा एकच नियम होता: शिडी वर जायला आहे, खाली यायला पाणी आहे. वर गेलेला जो कुणी शिडीने परत येईल, त्याचा टॉवेल वरच्या कठड्याला बांधायचा. त्याने उडी मारून दाखवली, की मगच सोडायचा. आमच्यातल्या एका बँकवाल्याचा निळा टॉवेल दोन वर्षं वर ऊन खात होता. पार विटला. शेवटी बँकवाल्याने बदली मागून घेतली. आम्ही त्याच्यावर किती हसायचो! हसून हसून पोट दुखायचं.

आज आठवला, तेव्हा हसू आलं नाही. विनोद जुना झाला असणार.

१५ मार्च, रविवार

सिनेमा. आज एक नवीन गोष्ट दिसली. उडीच्या आधी म्हाताऱ्याच्या पायांचा क्लोज-अप आहे. बोटं थरथरतात. ही बोटं माझी नाहीत, हिरोची आहेत. टँकच्या काठाला एक खोकं ठेवलं होतं. गुडघ्याएवढं. त्यावर त्याला उभं केलं होतं, तर पठ्ठ्या खरोखर कापायला लागला. डायरेक्टर खूश. ते थरथरणं घेतलं आणि पुढे माझी उडी जोडली. भीती त्याची, उडी माझी, अशी वाटणी होती.

तेवढा क्लोज-अप परत परत पाहिला. टेबलाखाली माझी बोटंही हलत होती. सहानुभूती. कलाकारांचं असं होतं.

१७ मार्च

टँकची पाहणी केली. टॉवर वाढवलाय. मॅनेजरला स्पष्ट विचारलं. नाही हो, नुसता रंग दिला, म्हणाला. रंगाचे थर बसून बसून उंची वाढत असावी. इतक्या वर्षांत किती थर बसले असतील.

तो फोनवर गेला, तेव्हा मधल्या टप्प्यापर्यंत चढलो. टँकमध्ये अजून पाणी सोडलेलं नाही. खाली नुसत्या फरश्या. पांढऱ्या, कोरड्या. बाथरूमच्या असतात तसल्या.

घरी काम होतं ते आठवलं, म्हणून उतरलो. टॉवेल जवळ नव्हता, त्यामुळे नियम लागू होत नाही.

२० मार्च, पहाट

घाबरलोय.

(वरचं खोडायचं राहिलं. झोपेत लिहिलं असणार.)

त्याच दिवशी, दुपार

ताप आल्यासारखं वाटतंय. थर्मामीटर नॉर्मल दाखवतं. थर्मामीटर बदलायला हवं.

२१ मार्च

डॉक्टरांकडे गेलो. माझी काही हरकत नव्हती, पण डॉक्टरांनी मनाई केली तर माणूस काय करणार? डॉक्टरांचं ऐकावं लागतं. लोकही समजून घेतात. म्हणून त्यांना सगळं सांगितलं, वय जरा वाढवूनच सांगितलं. गरगरण्याचं सांगायचं राहिलं. नाही, राहिलं नाही. सांगवलं नाही. ते सांगितलं तर डॉक्टर काहीतरी शोधतील, आणि शोधलं तर सापडेल.

त्यांनी प्रेशर पाहिलं, छाती तपासली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. वा, म्हणाले, या वयात ही जिद्द! मी बायकोमुलांना घेऊन बघायला येतो.

एवढी वर्षं या माणसाकडे जातोय. वेळेला उपयोग नाही.

२४ मार्च

मुलीचा फोन आला. बाबा, ग्रेट आहात, म्हणाली. जावई व्हिडिओ काढणार आहेत. आईला विचार, तिला काय वाटतं ते, मी म्हणालो. आई म्हणाली बाबांनी ठरवलंय, असं उत्तर आलं.

ही अडवेल असं वाटलं होतं. हिने मला आयुष्यभर अडवलंय. स्कूटर घेताना अडवलं, मिशी ठेवताना अडवलं, दुसऱ्यांदा भात घेताना अजून अडवते. आणि आता जिवावरचं काम करायला निघालोय, तर ही टॉवेल घेऊन आली! नवे, जाड, दोघांना एकसारखे, जोडी. तुम्हाला त्या दिवशी चांगला टॉवेल हवा ना, म्हणाली.

सख्खी बायको. हद्द झाली.

२६ मार्च

टँकमध्ये पाणी सोडलं, असा मॅनेजरचा मेसेज. खाली हसरा चेहरा टाकलाय. त्यात हसण्यासारखं काय आहे?

पंप बिघडू शकतो. नवा पंप तर हमखास बिघडतो. वाट पाहू.

२८ मार्च

पंप बिघडला नाही.

सकाळी आंघोळीला पुन्हा तसंच गरगरलं. पण बसलो नाही. भिंतीकडे हात गेला. दांडी धरली नाही, हे स्पष्ट लिहून ठेवतो. दांडीवरचा टॉवेल धरला. टॉवेल दांडीवर होता, त्याला माझा इलाज नाही.

दाराबाहेर पाय घासल्यासारखा आवाज आला. ही असावी. काय करते तिथे, कोण जाणे.

उद्याचे संकल्प: एक, खाली बघायचं नाही. दोन, विचार करायचा नाही. तीन, सिनेमातल्या म्हाताऱ्याने केलं तर मी करणारच.

२९ मार्च, रविवार, संध्याकाळ

सगळं क्रमाने लिहितो.

गर्दी चांगली होती. डॉल्फिन, डॉक्टर सहकुटुंब, मुलगी, जावई कॅमेरा घेऊन. ही खुर्चीवर, मांडीवर पर्स. मॅनेजरने माइकवर माझं नाव दोनदा चुकवलं. मग सिनेमातला सीन लावला. भर उन्हात पडद्यावर काही दिसेना. नुसता आवाज येत होता. शांतता, मग पाण्याचा एक छोटा आवाज, मग टाळ्या. सिनेमातल्या टाळ्या ऐकून खरे लोकही टाळ्या वाजवायला लागले. म्हणजे मी चढायच्या आधीच माझं कौतुक उरकलं. तेव्हाच घरी जायला हवं होतं.

चढलो. टॉवेल खांद्यावर. वर गेलो की तो कठड्यावर ठेवायचा, हात पुसायचे, ही जुनी पद्धत. ठेवला. पुसले. परत ओले झाले. परत पुसले.

कडेला गेलो. खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण माझी बोटं पाहिली. थरथरत होती. अगदी क्लोज-अपमधल्यासारखी. आणि मला एकदम कळलं की पुढचा शॉट नाहीये. कुणी जोडणार नाहीये. ज्याची उडी जोडायची, तो सव्वीस वर्षांचा पोरगा केव्हाच गेला, आणि मी त्याच्याच भरवशावर इथवर आलो होतो. या वेळी भीतीही माझीच होती आणि उडी कुणाचीच नव्हती.

मग गरगरलं. मागे सरकलो आणि बसलो.

नाही. पडलो. इथे लिहितो, पडलो. ३ तारखेलाही पडलोच होतो.

दोन्ही हातांनी कठडा धरून बसलो. उडी मारता येईना आणि उतरताही येईना. शिडी उतरायची म्हणजे पाठ फिरवून, न दिसणाऱ्या पायरीवर पाय सोडायचा. तो सुटेचना. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती. खाली माइकवर मॅनेजर म्हणत होता, आपले ज्येष्ठ खेळाडू ध्यान करत आहेत. डॉल्फिन काहीतरी ओरडला. लाइफगार्ड वर येऊ का विचारत होता. मी मान हलवली, ती कुणाला दिसली नसणार.

बऱ्याच वेळाने शिडीवर धाप ऐकू आली. ती धाप मी ओळखतो. स्टुलावर चढतानाची धाप. आधी हिचं डोकं वर आलं, मग पर्स. पर्स खाली ठेवायचं सुचलं नव्हतं तिला. शेजारी येऊन बसली, गुडघे चोळले, आणि म्हणाली, बाई गं, काय उंच आहे हो हे.

मी म्हणालो, मला भीती वाटते.

म्हणाली, मलाही. त्या बादलीच्या दिवसापासून. रोज तुमची आंघोळ होईपर्यंत दाराबाहेर उभी असते. नळ बंद झाला आणि तुम्ही खाकरलात, की मग जाते.

मग चिडून विचारलं, एवढं होतं तर अडवलं का नाहीस? म्हणाली, अडवलं असतं तर तुम्ही नक्की उडी मारली असतीत.

हे खरं आहे. मी विचार करून पाहिला. शंभर टक्के खरं आहे.

उतरलो. ही खाली, मी वर. प्रत्येक पायरीला माझा घोटा धरून पाय टेकवून देत होती आणि म्हणत होती, आहे, पायरी आहे, ठेवा. पर्स तिच्या दंडाला हेलकावत होती. लोक टाळ्या वाजवत नव्हते. एक लहान मूल रडत होतं, तेवढंच. जावयाने कॅमेरा खाली घेतला होता. चांगला मुलगा आहे.

खाली आल्यावर डॉल्फिन जवळ आला. नजर चुकवून त्याने वर बोट दाखवलं. माझा टॉवेल कठड्यावर राहिला होता. म्हणाला, नियम म्हणजे नियम, आता तो तिथेच. चिडवत नव्हता. त्याचे डोळे भरले होते. मलाही बँकवाला आठवला. या वयात बदली तरी कुठे मागणार?

हिने काय भानगड आहे ते विचारलं. डॉल्फिनने सरांचा नियम पहिल्यापासून सांगितला. हिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, अहो भाऊजी, पण तो नवा आहे. जोडीतला आहे.

आणि पर्स माझ्या हातात देऊन पुन्हा चढली. ते गुडघे घेऊन. कुणाला अडवायचं सुचेपर्यंत ही अर्ध्यात होती. मी शिडीचा पाय धरून उभा राहिलो आणि या वेळी वर बघत राहिलो. जीव टांगणीला लागला होता. शिडीने उतरलेल्याचा टॉवेल आजवर कुणी असा परत आणला नव्हता. हिने आणला. घडी घालून, काखेत मारून, धापा टाकत. तेव्हा टाळ्या पडल्या. सिनेमातल्यापेक्षा जास्त.

मॅनेजर विचारत होता, वहिनी फीत कापतील का?

कापली.

३० मार्च, सकाळ

सिनेमा लावला नाही.

हिचे गुडघे सुजलेत. काल रात्री मलम मीच चोळलं. जोरात चोळलं म्हणून ओरडा खाल्ला. दुपारी डॉक्टरांकडे जायचं आहे. तिचे गुडघे दाखवायचे आणि माझं गरगरणं सांगायचं. भीती वाटते. तरी सांगायचं.

आंघोळीला गेलो. नवा टॉवेल दांडीवर वाळत होता. तो काढून खुंटीला लावला. मग दांडी धरली. पक्की आहे. फिटरने काम चोख केलंय.

दाराबाहेर पाय वाजला. मी आतून सांगितलं, धरली आहे गं.

बरं, म्हणाली, आणि चहा टाकायला गेली.